पुढचा टायर फुटला तेव्हा पाय कुठे हवा?

"आम्ही दोघंही निवृत्त, राहायला चिपळूणला. मुलाच्या आग्रहाने एक जुनी सतरा सीटांची मिनीबस घेतली आणि तिचं मोटरहोम करून घेतलं. मागे बेड, डाव्या बाजूला ओटा, फ्रिज आणि पाण्याची टाकी, टपावर सोलर. वर्षातून तीन-चार फेऱ्या होतात, एरवी गाडी अंगणात आंब्याखाली उभी. मे महिन्यात मालवणहून परतताना कसालला हायवेला लागलो आणि कणकवलीच्या अलीकडे, भर दुपारी, पुढचा उजवा टायर फुटला. यांनी ब्रेक दाबला. गाडी गपकन उजवीकडे गेली, दुभाजकाला घासली आणि रस्त्यात आडवी उभी राहिली. मी थर्मास काढायला मागे उठले होते, ओट्यावर आपटले, खांदा अजून दुखतो. मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने गाडी आवरली म्हणून वाचलो. आता मुलगा फोनवर म्हणतो, बाबांनी ब्रेक दाबायलाच नको होता, उलट ॲक्सिलरेटर द्यायचा. गॅरेजवाला म्हणतो, हँडब्रेक ओढायचा. हे काहीच बोलत नाहीत. किल्ली माझ्याकडे देऊन टाकली, गाडी विकू म्हणतात. टायरवर नक्षी चांगली शिल्लक होती हो! खरं कोणाचं? आणि दिवाळीनंतर वेंगुर्ल्याला जायचं ठरलंय, जावं का?"
— एक वाचक, चिपळूण

ताई,

खांद्याचं आधी. मे महिन्यातलं दुखणं अजून रेंगाळतंय म्हणजे ते तेल चोळून जायचं नाही. हाडांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. मग टायर.

खरं कोणाचं, तर मुलाचं बरंचसं खरं आहे, गॅरेजवाल्याचं अजिबात नाही. आणि भाऊजींनी जे केलं ते स्टिअरिंगवर बसलेला जवळपास कोणीही करेल. आवाज झाला की पाय ब्रेकवर जातो, तो विचारून जात नाही. इतकी वर्षं गाय आडवी आली, रिक्षा घुसली, वळणावर समोरून डंपर आला, दर वेळी त्याच पायाने निभावून नेलंय. टायर फुटणं हा असा प्रसंग आहे की तिथे नेमकी तीच सवय नडते. तेव्हा मुलाला सांगा, बाबांची फोनवरून तोंडी परीक्षा घेणं आता बंद कर.

घडतं काय ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. पुढच्या दोन चाकांपैकी एक हवेवर सहज फिरतंय आणि दुसरं रबराच्या चिंध्यांवर, रिमवर घासत चाललंय. बैलगाडीचा एक बैल मध्येच बसला तर गाडी त्याच्याच अंगाला वळते, तसंच हे. उजवा फुटला, गाडी उजवीकडे गेली. डावा फुटला असता तर साइडपट्टीकडे गेली असती. आता यात ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते, म्हणजे मागचा भार पुढे येतो आणि जो कोपरा आधीच बसलाय त्याच्यावरच आणखी बोजा पडतो. दोन्ही बाजूंची पकड सारखी राहत नाही. फुटलेलं चाक घसरू लागलं की स्टिअरिंग कितीही फिरवा, पुढची बाजू ऐकत नाही. तिकडे मागची बाजू हलकी झालेली असते, आणि तुमच्या गाडीत मागे बेड, बॅटरी, छतापर्यंत कपाटं. ती सगळी मागची बाजू पुढे यायला बघते. गाडी आडवी झाली ती अशी. भाऊजींचं नशीब एवढंच की दुभाजक होता. जुन्या दोनपदरी रस्त्यावर त्याच जागी समोरून येणारी गाडी असती.

हँडब्रेक तर याहून वाईट. तो बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना लागतो. पुढचं एक चाक गेलेलं असताना मागची दोन्ही जखडली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरायला मोकळी. गॅरेजवाल्याला नटबोल्ट कळत असतील, पण हा सल्ला त्याच्याकडेच राहू द्या.

मग करायचं काय? आवाज झाल्या क्षणी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरायचं आणि पाय आहे तिथेच ठेवायचा. जमल्यास ॲक्सिलरेटर किंचित दाबायचा, एक-दोन सेकंद, बस. वेग वाढवण्यासाठी नाही, तो एकदम पडू नये म्हणून. फुटलेलं चाक गाडीला मागे आणि बाजूला खेचत असतं. तुमच्या गाडीला इंजिनची ताकद मागच्या चाकांवर मिळते, त्यामुळे मागून थोडा रेटा राहिला की गाडीचं तोंड रस्त्याच्या दिशेला राहतं आणि तुम्हाला ती आपल्या पट्ट्यात धरायला वेळ मिळतो. स्टिअरिंग गरकन फिरवायचं नाही. उजवीकडे ओढते म्हणून डावीकडे झटका दिला की उंच गाडी दुसऱ्या अंगाला झोकांडी खाते, आणि ती झोकांडी फुटलेल्या टायरपेक्षा महागात पडते. पट्ट्यात राहण्यापुरतं सावरायचं, तेवढंच. गाडी सरळ चालतेय असं हाताला कळलं की मग ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलायचा. क्लच दाबायचा नाही, गिअर पाडायचा नाही, गाडीला तिच्या चालीने मंदावू द्यायचं. वेग २५-३० वर आला की ब्रेक अलगद लावता येतो.

लिहायला एवढं लागलं, पण ८०च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. म्हणजे 'काय झालं?' म्हणेपर्यंत तुम्ही एखादा विजेचा खांब मागे टाकलेला असतो. तेवढ्या वेळात कोणी विचार करत नाही, म्हणून तो आधी करून ठेवावा लागतो. भाऊजींना सांगा, गाडी चालवताना अधूनमधून मनातल्या मनात विचारायचं, 'आत्ता फुटला तर?' आणि उत्तरही मनातच द्यायचं. हात, पाय, डावीकडे जागा आहे का, मागे कोण आहे. चार-पाच वेळा असं केलं की पायाला नवं वळण लागतं. दुसरी गोष्ट हातांची. आपल्याकडे बहुतेकांचा उजवा हात स्टिअरिंगवर आणि डावा गिअरच्या दांड्यावर पडलेला असतो. हायवेवर तरी दोन्ही हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी हवेत आणि अंगठे रिंगच्या वर. आत अडकवलेला अंगठा स्टिअरिंगने हिसका दिला की मुरगळतो.

आता मुलालाही एक गोष्ट सांगायला हवी. ॲक्सिलरेटरचा हा सल्ला सरळ, रुंद रस्त्यासाठी आणि मोठ्या वेगासाठी आहे. परदेशात दहा-पंधरा टनांची घरं रस्त्यावर धावतात, त्यांच्या चालकांना हे आवर्जून शिकवतात आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या चौपदरी काँक्रीटवर, खारेपाटणपासून झारापपर्यंत, तो जसाच्या तसा लागू पडतो. पण परशुराम घाटात उतारावर? आंबा घाट, करूळ, आंबोली? तिथे पुढे वळण आणि वळणाच्या पलीकडे दरी. तिथे ॲक्सिलरेटर दाबणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, ३०च्या आत असेल तर टायर फुटल्यावर ती ओढते, पण हाताबाहेर जात नाही. तिथे स्टिअरिंग धरायचं, इंजिनलाच गाडी अडवू द्यायची आणि ब्रेक थोडा थोडा, दाबून-सोडून लावायचा. लावावाच लागेल. 'ब्रेक नाही म्हणजे नाही' हा मंत्र घाटात जपत बसू नये. आणि एक बारकावा. उजव्या वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला झुकते, तेव्हा पुढच्या डाव्या टायरवर सगळ्यात जास्त भार येतो. टायर कमजोर असेल तर तो बहुधा अशाच वेळी जीव सोडतो. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही.

किनाऱ्याचा रस्ता ही तिसरीच तऱ्हा. नाव सागरी महामार्ग, आणि कित्येक गावांत दोन्ही बाजूंच्या जांभ्याच्या गडग्यांमधून एक एसटी जेमतेम जाते. आरे-वारेच्या चढउतारावर काय किंवा आचऱ्याहून मालवणला येताना काय, तुमचा वेग ४०च्या वर जायला नकोच. तिथे फुटलाच तर पाय उचला, गाडी सरळ धरा, ती मंदावत थांबेल. तिथली खरी अडचण फुटण्याची नसते, फुटल्यावर गाडी ठेवायची कुठे याची असते.

थांबण्याबद्दल लोक एक चूक हमखास करतात. टायर फुटला म्हणून जिथे आहोत तिथेच थांबतात, रिम खराब होईल म्हणून. रिम गेली तर गेली. ती बाजारात मिळते. डावा इंडिकेटर द्या, आरसा बघा आणि बैलाच्या चालीने गाडी सपाट, रुंद, वळणापासून लांब अशा जागी न्या. पुलावर थांबू नका, वळणाच्या तोंडाशी तर मुळीच नाही. थांबल्यावर चारही इंडिकेटर, हँडब्रेक, चांगल्या चाकांना दगड. सगळ्यांनी रहदारीच्या विरुद्ध बाजूने उतरून रस्त्यापासून दूर उभं राहायचं, गाडीच्या मागे किंवा पुढे नाही. लाल त्रिकोण गाडीला चिकटून ठेवून उपयोग नाही. हायवेवर तो चांगला शंभरेक पावलं मागे हवा, आणि मागे वळण असेल तर वळणाच्याही मागे, म्हणजे मागून येणाऱ्याला तो वळणाआधीच दिसेल. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ लावा, कोणाला लागलं असेल तर १०८, काहीच सुचलं नाही तर ११२.

स्टेपनी बदलायला भाऊजींनी स्वतः वाकू नये, निदान हायवेच्या कडेला तरी नाही. पण कोणीही बदलली तरी दोन गोष्टींवर तुमची नजर असू द्या. जॅक चेसिसच्या ठरलेल्या जागीच लागला पाहिजे, आणि त्याच्या खाली जाड फळी हवी. पावसाळ्यानंतर साइडपट्टीची माती वरून घट्ट दिसते आणि आतून लोणी असते. तीन टनांच्या गाडीखाली जॅक रुतला तर काय होईल ते सांगायला नको. दुसरं, निघण्याआधी चाकाच्या कमानीत टॉर्च मारून बघा. फुटलेल्या टायरचा पट्टा चाबकासारखा फिरतो आणि आतली ब्रेकची नळी, वायरिंग, मोटरहोममध्ये पाण्याचे पाइपसुद्धा फोडतो. ब्रेकचं पॅडल दाबून बघा. मऊ लागलं, खाली गेलं, तर गाडी हलवायची नाही. टो करून न्या.

आणि ताई, थर्मास. यावर मी जरा कडक बोलणार. चालत्या गाडीत कोणीही उठायचं नाही. ते घर असतं गाडी उभी असताना. चाकं फिरायला लागली की ती एसटी, आणि एसटीत सीट सोडून ओट्याशी जायची तुमची हिंमत झाली नसती. बेडवर आडवं पडून प्रवास नाही, चहा नाही, नातवंडांना मागे खेळायला सोडणं नाही. सगळे बेल्ट लावून सीटवर. गॅसचा सिलिंडर निघण्यापूर्वी बंद. आणि शेजारी बसलेल्या माणसाने टायर फुटल्यावर करायचं काय, तर गप्प बसायचं. 'अहो ब्रेक!' असं ओरडायचं नाही आणि स्टिअरिंगला हात तर मुळीच लावायचा नाही.

आता तुमच्या 'नक्षी चांगली होती हो'कडे येतो, कारण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे. रोज धावणाऱ्या टॅक्सीचे टायर झिजून संपतात. अंगणात उभ्या राहणाऱ्या मोटरहोमचे टायर म्हातारे होऊन संपतात, आणि म्हातारपण नक्षीत दिसत नाही. टायरच्या रबरात, ऊन आणि हवेतल्या ओझोनपासून त्याला जपणारं मेणासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. चाक फिरतं, रबर दबतं-ताणतं, तेव्हा ते द्रव्य पृष्ठभागावर येत राहतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते येत नाही, रबर कोरडं पडतं आणि बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा पडायला लागतात. दुचाकीच्या सीटला पडतात तशा नाहीत, अगदी केसासारख्या. नखाने टायर जरा दाबलात तरच दिसतील.

टायरचं वय त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. बाजूच्या भिंतीवर एका लांबट चौकटीत चार आकडे शोधा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४१८ म्हणजे २०१८ सालचा चौदावा आठवडा. हे आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि पंक्चरवाल्याने ती बाजू आत करून बसवलेली असते. मग गोणपाट टाकून गाडीखाली जावं लागतं, टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा घेऊन. अंगणात ते काम भाऊजींनी करायला हरकत नाही. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. दहा वर्षांनंतर टायर दिसायला कोरा असला तरी काढायचाच, आणि पुढच्या चाकांच्या बाबतीत मी सहा-सातलाच काढीन. स्टेपनीलाही हाच हिशोब. ती कधी फिरलेली नसते म्हणून सगळे तिला नवीन समजतात. जुनी गाडी घेतलीत तेव्हा तिच्याबरोबर आलेली स्टेपनी किती सालची होती, आठवतंय?

वय हा एक भाग झाला. दुसरा भाग वजनाचा, आणि माझा खरा संशय तिथे आहे. तुमच्या मिनीबसच्या दारावर हवेचा जो आकडा छापलाय तो माणसं बसवणाऱ्या गाडीचा आहे. त्यानंतर तिच्यात प्लाय आणि लोखंडाचं फर्निचर आलं, बॅटरी, इन्व्हर्टर, फ्रिज, सोलर, पाणी आलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकी १२० लिटरची असेल तर ती भरून निघालात की दोन माणसं जादा बसवली समजा, आणि तीही दोन्ही एकाच बाजूला. टायर फुटण्याचं नेहमीचं कारण एकच, गरमी, आणि ती बाहेरच्या उन्हापेक्षा आतून जास्त तयार होते. हवा कमी असली किंवा भार जास्त झाला की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. वाकून वाकून तापते, आतले थर सुटायला लागतात. हे मैलोन्मैल चालू असतं. मे महिन्यातलं दुपारचं काँक्रीट आणि ऐंशीचा वेग यांनी शेवटचा धक्का दिला, एवढंच. जुन्या खड्ड्यांच्या हायवेवर पन्नासच्या वर जाताच यायचं नाही, म्हणून असे टायर तेव्हा तग धरून राहायचे. रस्ता चांगला झाला आणि त्यांचं पितळ उघडं पडलं.

तेव्हा वजनकाट्यावर जा. लोटे किंवा खेर्डीच्या एमआयडीसीच्या आसपास काटे सापडतील. पाण्याची टाकी भरून, सामान भरून, तुम्ही दोघं बसून, म्हणजे खरोखर प्रवासाला निघता तशी गाडी न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर चढवून वजन घ्या, मग पूर्ण गाडीचं. पुढच्या धुऱ्यावर किती येतं ते कळेल. काट्याची कड जमिनीच्या सपाटीला असेल आणि काटेवाला तयार असेल तर एका बाजूची चाकंही तोलून घ्या. फक्त पुढच्या दोन चाकांची बेरीज कळून भागत नाही. समजा पुढच्या धुऱ्यावर १,९०० किलो भरले. निम्मे-निम्मे धरले तर एका टायरवर ९५०. टायरच्या साइजनंतर भाराचा एक आकडा असतो. तो १०७ असेल तर त्या टायरची ताकद ९७५ किलोची, १०९ असेल तर १,०३० ची, ११२ असेल तर १,१२० ची, आणि तीही त्याच्यात पुरेशी हवा असेल तर. मागे जोडचाकं असतील तर तिथे 'जोडीत वापरताना' असा दुसरा, कमी आकडा लागू होतो. आता ९५० आणि ९७५ मध्ये तुम्हाला फरक दिसतोय, पण ओटा, फ्रिज, टाकी एका बाजूला असल्याने एका चाकावर ९९० आणि दुसऱ्यावर ९१० येत असतील तर तो फरक कधीच संपलाय. तुमचा उजवा फुटला, सामान डावीकडे आहे. म्हणजे डाव्याची अवस्था काय असेल याचा विचार करा. फुटला नाही म्हणून तो चांगला, असं धरून चालू नका. पुढचे दोन्ही टायर एकदम बदलायचे, एकाच कंपनीचे, एकाच साइजचे, भाराच्या आकड्यात पुरेशी सवड असलेले. रिमोल्ड टायर, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला, पुढे कधीही नाही, कितीही स्वस्त पडला तरी.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजायची. स्वतःचा गेज घ्या, पंपावरच्या गेजवर विसंबू नका. दुपारी मोजलीत तर आकडा चढलेला दिसेल आणि हात शिवशिवतील, पण गरम टायरमधून हवा सोडायची नाही. ती गार झाल्यावर कमी भरेल आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मऊ टायरवर निघाल. टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरण्यावर पैसे घालवायचे असतील तर घाला, हवा नियमित बघणाऱ्याला त्याची गरज नाही.

कोकणातल्या दोन खास खोडी आहेत. एक म्हणजे वाळू. किनाऱ्यावर गाडी उतरवायला बऱ्याच ठिकाणी बंदी आहे आणि तुमच्यासारखी जड गाडी उतरवूही नये, पण काही उत्साही लोक वाळूत रुतू नये म्हणून हवा कमी करतात आणि नंतर तशाच टायरवर हायवेला लागतात. दुसरी, जांभ्याची कड. गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की आपण डावीकडे घेतो आणि चाक चिऱ्याला किंवा गटाराच्या काठाला घासतं. आदळलेला टायर त्याच दिवशी फुटतो असं नाही. आतले दोरे तुटतात, काही दिवसांनी भिंतीवर लिंबाएवढा फुगा येतो. फुगा दिसला की तो टायर संपला, पंक्चरवाल्याने कितीही 'चालेल हो' म्हटलं तरी.

खाऱ्या हवेचंही एक आहे. टायरमधली हवा आणि गरमी मोजणारे सेन्सर तुम्ही जरूर बसवा, चार पैसे गेले तरी. हळूहळू उतरणारी हवा ते वेळेत सांगतात, अचानक फाटणारा टायर मात्र नाही. पण व्हॉल्व्हवर बसणारे सेन्सर किंवा ॲल्युमिनियमची चकचकीत टोपणं पितळी व्हॉल्व्हवर महिनोन्महिने राहिली तर समुद्राच्या हवेत दोन्ही धातू एकमेकांना असे चिकटतात की टोपण काढताना व्हॉल्व्हच पिळवटून येतो. टोपणं प्लॅस्टिकची ठेवा आणि सेन्सर दोन-तीन महिन्यांनी काढून पुसून लावा. चाकाच्या नटांचंही तसंच. टायरवाला मशीनने आवळतो, वर गंज चढतो, आणि गरजेच्या वेळी पान्यावर उभं राहिलं तरी नट हलत नाही. नवे टायर घालाल तेव्हा शेवटचं आवळणं हाताच्या पान्याने, समोरासमोरचे नट आलटून-पालटून करून घ्या. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघा.

गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, हवा पूर्ण ठेवा, चाकांखाली फळ्या, उन्हाच्या बाजूला जुन्या चादरी. पंधरा दिवसांतून एकदा तिला चिपळूणभर फिरवून आणा. टायर काळेभोर दिसावेत म्हणून चोपडायचं ते चकचकीत तेल अंगणातून हद्दपार करा.

विम्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. नुसता टायर फुटला तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही. गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत धरतात. दुभाजकाला घासल्याची नोंद आणि फोटो असतील तर कागदपत्रं काढून विचारा, उशीर झाला असला तरी. आणि मिनीबसचं मोटरहोम केलंय ते आरसी बुकात आणि पॉलिसीत चढलंय ना, हे आजच बघा. नसेल तर टायरपेक्षा ते आधी.

भाऊजींचं. गाडी विकायचा निर्णय आत्ता घेऊ नका. पण त्यांना 'काही होत नाही हो' असं म्हणून लगेच स्टिअरिंगवर ढकलूही नका. माणूस गप्प बसतो तेव्हा तो बहुधा तोच क्षण पुन्हा पुन्हा चालवून बघत असतो. त्यांना या कामातला जमिनीवरचा भाग द्या: आकडे शोधणं, काट्यावर जाणं, टायर निवडणं, रोज सकाळी हवा लिहून ठेवणं. कारण कळलं की दोष आपल्या पायाचा नव्हता हे माणसाला आतून पटतं, आपण समजूत घालून पटत नाही. नवे टायर बसल्यावर एखाद्या रविवारी सकाळी लवकर गुहागरपर्यंत जाऊन या. मार्गताम्हाणे, शृंगारतळी, ओळखीचा रस्ता, वेग आपोआप कमी राहतो. तुम्ही शेजारी बसा आणि त्या दिवशी टायर हा विषय गाडीत काढू नका. रस्त्यात त्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली तर का म्हणून विचारू नका. आणि तुम्हाला गाडी येत असेल तर तुम्हीही मधला टप्पा चालवा. येत नसेल तर शिकायला हे वय काही वाईट नाही.

वेंगुर्ल्याला जा. दिवाळीनंतर ऊन उतरलेलं असतं, रस्ते कोरडे असतात. यावेळी किनाऱ्याने न जाता हायवेनेच कुडाळपर्यंत आणि तिथून आत. टाकी निघताना निम्मीच भरा, पाणी वेंगुर्ल्यालाही मिळतं. काँक्रीटवर ७०ची मर्यादा स्वतःच घालून घ्या. ८० आणि ६० यांत आकड्यांचा फरक थोडा वाटतो, पण ८०ला गाडीच्या अंगातला जोर जवळजवळ पावणेदोन पट असतो. दीड-दोन तासांनी थांबा, चहा घ्या आणि उतरल्यावर चारही चाकांजवळ तळहात नेऊन बघा. एक टायर बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला लागला तर त्याची हवा किंवा ब्रेक तपासल्याशिवाय पुढे निघू नका.

काट्याची पावती आणि टायरवरचे सगळे आकडे, साइजपासून त्या चार आकड्यांपर्यंत, मला लिहून पाठवा. टायर कंपन्यांच्या भार आणि हवेच्या तक्त्यात बघून पुढच्या आणि मागच्या चाकांत किती हवा ठेवायची ते कळवतो. पत्र दिवाळीच्या आधी येऊ दे.